पेट्रोल मोटारीचे इंजिन सुरू करताना निघणारा अतिरिक्त धूर : कारणमीमांसा व निदानपद्धती
(वर्धा जिल्ह्याच्या हवामानाच्या विशेष संदर्भात)

सारांश

पेट्रोलवर चालणारी मोटार सकाळी प्रथम सुरू करताना धुराड्यातून दिसणारा धूर हा कधी ज्वलनाचा स्वाभाविक परिणाम असतो, तर कधी इंजिनातील गंभीर बिघाडाची पहिली खूण असते. या दोहोंतील भेद न ओळखल्यास एकीकडे अनावश्यक खर्च होतो आणि दुसरीकडे दुरुस्त होण्याजोगे इंजिन निकामी होते. प्रस्तुत लेखात धुराचा रंग, गंध, कालावधी व इंजिनाची अवस्था या चार निकषांवर निदान कसे करावे, याचे विवेचन केले आहे. वर्धा जिल्ह्यातील कडक उन्हाळा, कोरडा हिवाळा आणि कठीण भूजल यांचा या प्रश्नाशी असलेला संबंधही स्पष्ट केला आहे. गाडीची धूरतपासणी तापलेल्या इंजिनावर होत असल्याने आरंभकालीन दोष तिच्यात बहुधा निसटतो, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : थंड इंजिन, धुराचा रंग, व्हॉल्व्ह सील, हेड गॅस्केट, कूलंट, कॉम्प्रेशन चाचणी, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र.

प्रस्तावना

विदर्भातील लहान शहरांत गेल्या अडीच-तीन दशकांत खासगी मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावांत पूर्वी सायकल व स्कूटर वापरणारा नोकरदार वर्ग आज चारचाकी वापरतो. 'एमएच ३२' हा क्रमांक धारण करणाऱ्या गाड्यांत नव्या गाड्यांबरोबरच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या जुन्या गाड्याही आहेत. अशा गाडीचा मालक सकाळी किल्ली फिरवतो, मागे धुराचा लोट दिसतो आणि मनात पहिली शंका येते ती 'इंजिन गेले' ही. गॅरेजमध्ये गेल्यावर त्याला 'गाडी ऑइल खाते', 'रिंग-पिस्टन बदलावे लागतील', 'इंजिन उघडावे लागेल' अशी उत्तरे मिळतात. ही उत्तरे काही वेळा बरोबर असतात. परंतु कोणतीही चाचणी न करता केवळ धूर पाहून ती दिली जात असतील, तर ते निदान नसून अनुमान ठरते.

वर्ध्याच्या संदर्भात आणखी एक बाब नोंदविण्याजोगी आहे. वर्धा ही जमनालाल बजाज यांची कर्मभूमी, आणि त्यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या उद्योगसमूहाच्या स्कूटरींनी एके काळी देशातील मध्यमवर्गाचा प्रवास घडविला. १९७२ पासून रस्त्यावर आलेली 'चेतक' ही द्विघाती इंजिनाची स्कूटर होती. द्विघाती इंजिनात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि ते जळते. त्यामुळे निळसर धूर हा तिचा स्वभावच होता. त्या पिढीच्या मनात 'सुरुवातीला थोडा धूर यायचाच' ही समजूत घट्ट बसली. मोटारीचे पेट्रोल इंजिन मात्र चतुर्घाती असते. त्यात वंगणतेलाचा मार्ग आणि इंधनाचा मार्ग वेगळे असतात. म्हणून स्कूटरीचा अनुभव मोटारीला लावल्यास खरा बिघाड दुर्लक्षित राहतो.

उद्दिष्टे

१. थंड इंजिन सुरू होताना धूर का निर्माण होतो, हे समजून घेणे.
२. स्वाभाविक वाफ व बिघाडजन्य धूर यांतील भेद स्थानिक हवामानाच्या आधारे स्पष्ट करणे.
३. पांढरा, निळा व काळा धूर यांची कारणे आणि त्यांच्या खात्रीच्या चाचण्या मांडणे.
४. सामान्य वाहनधारकाला अनुसरता येईल असा निदानक्रम सुचविणे.

थंड इंजिनाची अवस्था

रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात तीन गोष्टी घडलेल्या असतात. पहिली, धातूचे सर्व भाग आकुंचन पावलेले असतात. पिस्टन व सिलिंडर यांतील फट आणि रिंगांच्या टोकांमधील अंतर गरम अवस्थेपेक्षा अधिक असते. दुसरी, गुरुत्वाकर्षणाने द्रव पदार्थ खाली झिरपलेले असतात. जेथे सील झिजले आहे तेथून तेल, गॅस्केट फुटले आहे तेथून कूलंट आणि इंजेक्टर गळत असेल तर पेट्रोल ज्वलनकक्षात किंवा त्याच्या तोंडाशी साठते. तिसरी, पेट्रोलची थंड पृष्ठभागावर पुरेशी वाफ होत नाही. त्यामुळे इंजिन सुरू करताना आवश्यकतेपेक्षा अधिक इंधन द्यावे लागते.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग इंधन हे प्रमाण लागते. थंड इंजिनात याहून कितीतरी समृद्ध मिश्रण दिले जाते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हे काम चोक करीत असे. इंधन-अंतःक्षेपणाच्या गाड्यांत तेच काम संगणकीय नियंत्रक कूलंटच्या तापमानाची नोंद घेऊन करतो. उत्प्रेरक परिवर्तक सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय परिणामकारक होत नाही. ऑक्सिजन संवेदकालाही तापावे लागते. थोडक्यात, सुरुवातीचा एक-दोन मिनिटांचा काळ हा इंजिनाच्या दिनक्रमातील सर्वांत अस्वच्छ काळ होय. आणि रात्रभर साठलेला दोष ज्या क्षणी बाहेर पडतो, तोही हाच काळ.

वाफ की धूर? : हवामानाची कसोटी

एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. इंधनातील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन हे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. निष्कास वायूतील या वाफेचा दवबिंदू सुमारे ५० अंशांच्या आसपास असतो. धुराडे व सायलेन्सर त्याहून थंड असतील, तर वाफ तेथेच द्रवरूप होते. धुराड्याच्या टोकाशी टपकणारे स्वच्छ थेंब हे बिघाडाचे लक्षण नसून ज्वलन नीट होत असल्याचीच खूण असते.

ही वाफ डोळ्यांना दिसेल की नाही, हे बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. एक घनमीटर हवा १० अंश तापमानाला साधारण ९ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम बाष्प धारण करू शकते. डिसेंबर-जानेवारीतील पहाटे वर्ध्याचे किमान तापमान १० अंशांच्या जवळपास उतरते. अशा हवेत मिसळताच निष्कासातील बाष्प धुक्यासारखे दिसू लागते. पावसाळ्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने काही प्रमाणात तसेच घडते. मे महिन्यात मात्र स्थिती उलट असते. सकाळचे तापमानही ३० अंशांच्या आसपास आणि हवा अत्यंत कोरडी. अशा हवेत निष्कासातील वाफ दृश्य होण्यापूर्वीच विरून जाते.

यातून एक साधा पण उपयुक्त स्थानिक निकष मिळतो. हिवाळ्यातील पहाटेचा पांढरा लोट बहुधा निरुपद्रवी असतो. उन्हाळ्यातील पांढरा धूर मात्र नेहमीच संशयास्पद मानावा. एकच गाडी जानेवारीत आणि मे महिन्यात सारखाच पांढरा धूर सोडत असेल, तर तो केवळ वाफेचा परिणाम असू शकत नाही.

वाफ व धूर यांतील दुसरा भेद म्हणजे टिकण्याचा काळ. साधी वाफ धुराड्यापासून काही फुटांवर विरते, तिला विशेष वास नसतो आणि सायलेन्सर तापल्यावर ती कमी होत जाते. बिघाडजन्य धूर हवेत तरंगत राहतो, दूरवर रेंगाळतो आणि त्याला निश्चित गंध असतो.

धुराच्या रंगाचे शास्त्र व त्याची कारणे

रंग हा निदानातील पहिला दुवा आहे. त्यामागे प्रकाशाच्या विकिरणाचे तत्त्व आहे. मोठे जलबिंदू सर्व रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात विखुरतात, म्हणून वाफ पांढरी दिसते. जळलेल्या वंगणतेलाचे कण अतिसूक्ष्म असल्याने ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. काजळीचे कण प्रकाश शोषून घेतात, म्हणून तो धूर काळा दिसतो. तथापि केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात पांढरा धूरही निळसर भासतो. म्हणून रंगाला गंधाची व चाचणीची जोड हवी.

(अ) पांढरा धूर

रेंगाळणारा, किंचित गोडसर वासाचा पांढरा धूर हा ज्वलनकक्षात कूलंट शिरत असल्याचे सुचवितो. हेड गॅस्केट फुटणे, सिलिंडर हेड वाकणे किंवा त्याला तडा जाणे, ही त्याची मुख्य कारणे. इंजिन बंद केल्यावरही शीतनप्रणालीत काही काळ दाब टिकून असतो. त्या दाबाने कूलंट हळूहळू सिलिंडरमध्ये उतरते. सकाळी सुरू करताना त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग ओला असल्याने इंजिन काही सेकंद 'मिसिंग' करते, थरथरते आणि पांढरा लोट सोडून मग सुरळीत होते. हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. सुरुवातीची थरथर, पांढरा धूर आणि दर आठवड्याला घटणारी कूलंटची पातळी या तीन गोष्टी एकत्र आढळल्यास विलंब करू नये. द्रव पदार्थ दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये तो अधिक साठल्यास स्टार्टर फिरविताच कनेक्टिंग रॉड वाकण्याचा संभव असतो. तेव्हा गॅस्केटचा खर्च संपूर्ण इंजिनाच्या खर्चात बदलतो.

या बिघाडाचे मूळ वर्धा जिल्ह्यात बहुधा उन्हाळ्यात रुजते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे येथे नवे नाही. समप्रमाणातील कूलंट व पाणी यांचे मिश्रण वातावरणीय दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते आणि रेडिएटरच्या झाकणाने राखलेल्या दाबामुळे हा उत्कलनबिंदू आणखी वाढतो. परंतु झाकणाचे रबर झिजले असेल, किंवा कूलंटऐवजी वर्षानुवर्षे विहिरीचे वा बोअरचे पाणी टाकले जात असेल, तर हे संरक्षण नाहीसे होते. जिल्ह्याचा बराच भाग बेसाल्ट खडकाचा असून तेथील भूजल कठीण आहे. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत व इंजिनाच्या जलमार्गांत थर धरतात. थर वाढला की उष्णता निघून जात नाही, इंजिन तापते, ॲल्युमिनियमचे हेड किंचित वाकते आणि गॅस्केटची पकड सैल होते. गाडी त्या दिवशी थंड होऊन पुन्हा चालू लागते. मालक घटना विसरतो. काही महिन्यांनी सकाळचा पांढरा धूर दिसू लागतो, तेव्हा त्याचा संबंध उन्हाळ्यातील त्या दुपारशी कोणी जोडत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा दुधाळ लेप पाहून अनेकदा 'गॅस्केट गेले' असा निष्कर्ष काढला जातो. घर ते महाविद्यालय असा दोन-तीन किलोमीटरचाच प्रवास रोज करणाऱ्या गाडीत इंजिन पूर्ण तापत नाही आणि आतील बाष्प झाकणाला चिकटून असाच लेप तयार होतो. लेप केवळ झाकणावर असेल व डिपस्टिकवरील तेल स्वच्छ असेल, तर प्रथम लांबचा प्रवास करून पुन्हा पाहावे.

पांढरट-करड्या धुराला कच्च्या पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर कारण वेगळे असते. अशा वेळी एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसून न जळलेले इंधन बाहेर येत असते. प्लग, इग्निशन कॉइल व त्यांची जोडणी प्रथम तपासावी.

(आ) निळा धूर

निळा धूर म्हणजे जळणारे वंगणतेल. त्याचा वास करपलेल्या तेलासारखा असतो. सुरू करतेवेळी निळा धूर येण्याची दोन प्रमुख कारणे आहेत आणि त्यांतील फरक ओळखण्यावरच खर्चाचा मोठा भाग अवलंबून असतो.

पहिले कारण व्हॉल्व्ह सील कडक होणे हे होय. सिलिंडर हेडच्या वरच्या भागात तेल साचलेले असते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरील रबरी सील उष्णतेने व वयाने कडक झाले की ते तेल रात्रभर थेंबाथेंबाने खाली उतरते. सकाळी इंजिन सुरू होताच तेवढे तेल जळते, निळा लोट दिसतो आणि अर्ध्या-एक मिनिटात नाहीसा होतो. नंतर दिवसभर गाडी स्वच्छ चालते. तेलाचा खपही फारसा नसतो.

दुसरे कारण पिस्टन रिंग व सिलिंडर यांची झीज. यातही थंड अवस्थेतील फटींमुळे सकाळचा धूर अधिक असतो. परंतु इंजिन तापल्यावर तो पूर्णपणे थांबत नाही. जोरात वेग घेताना, चढावर किंवा गाडी भरलेली असताना धूर सातत्याने येतो. ऑइलचे झाकण उघडल्यास आतून वायू भसाभस बाहेर येतो आणि डिपस्टिकवरील पातळी लक्षणीय रीतीने घटते. जिल्ह्यातील कच्च्या पांदण रस्त्यांवर उन्हाळ्यात उडणारी माती सदोष किंवा सैल बसविलेल्या एअर फिल्टरमधून आत गेल्यास ही झीज अकाली होते.

या दोहोंतील भेद चालत्या गाडीतही ओळखता येतो. नागपूर-अमरावती मार्गावरील तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटासारख्या उतारावर गिअरमध्ये असलेली गाडी ॲक्सिलरेटर सोडून उतरू दिल्यास इंजिनात तीव्र निर्वात निर्माण होतो. झिजलेल्या सीलमधून तेल त्या निर्वाताने ओढले जाते. पायथ्याशी ॲक्सिलरेटर पुन्हा दाबताच मागे निळा झोत दिसला, तर दोष सीलकडे निर्देश करतो. असे निरीक्षण मागून येणाऱ्या दुसऱ्या वाहनातील व्यक्तीने करावे; चालकाने आरशात पाहत बसू नये.

याशिवाय काही किरकोळ कारणेही असतात. क्रँककेसमधील वायू परत ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकणे, ऑइल खुणेपेक्षा जास्त भरले जाणे, उत्पादकाने सांगितल्यापेक्षा पातळ ऑइल वापरणे, तसेच टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत त्याचे सील निकामी होणे यांमुळेही निळा धूर येतो. इंजिन उघडण्यापूर्वी या गोष्टी नाकारल्या गेल्या पाहिजेत, कारण त्यांची तपासणी काही मिनिटांत होते.

(इ) काळा धूर

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने अधिक झालेले इंधन. थंड इंजिनाला समृद्ध मिश्रण दिले जात असल्याने क्षणभर किंचित काळसर धूर येणे समजण्यासारखे आहे. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या आधुनिक इंजिनांत हे प्रमाण काहीसे अधिक असते. परंतु तो धूर दाट असेल, त्याबरोबर पेट्रोलचा वास येत असेल व गाडीची सरासरीही घसरली असेल, तर इंजेक्टर गळणे, इंधनाचा दाब अधिक असणे किंवा कूलंटचा तापमान संवेदक चुकीची नोंद देणे ही कारणे शोधावीत. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक अडकणे व एअर फिल्टर चोंदणे ही नेहमीची कारणे होत.

तापमान संवेदकाचा दोष विशेष फसवा असतो. त्याची तार तुटल्यास नियंत्रक दोषसंकेत नोंदवितो व डॅशबोर्डवरील दिवा लागतो. परंतु संवेदक केवळ भरकटला असेल, म्हणजे ३० अंश असताना शून्याच्या आसपासची नोंद देत असेल, तर संकेत उमटेलच असे नाही. यावर सोपी परीक्षा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला निदानयंत्र जोडून, इंजिन सुरू न करता, कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. दोन्ही आकडे जवळपास सारखे असावयास हवेत. त्यांत मोठी तफावत असल्यास दोष सापडलाच म्हणून समजावे.

इंधनाच्या बदलत्या स्वरूपाचाही येथे विचार करावा लागतो. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने काजळी कमी होते; परंतु त्याची वाफ होण्यास पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि ते पाणी शोषून घेते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व कार्बोरेटरचे भाग या मिश्रणाला अनुरूप नसल्यास ते खराब होऊ शकतात. दीर्घ सुटीत महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांबाबत ही बाब लक्षात ठेवावी.

निदानाचा क्रम

निदान हे स्वस्त व सोप्या चाचणीकडून महाग व गुंतागुंतीच्या चाचणीकडे जावे, हे त्याचे मूळ तत्त्व. त्यानुसार पुढील क्रम सुचविता येतो.

१. आदल्या संध्याकाळी गाडी सपाट जागी, उघड्यावर उभी करावी. सकाळी इंजिन थंड असताना ऑइल व कूलंटच्या पातळ्या पाहून नोंदवाव्यात. गरम इंजिनाचे रेडिएटर झाकण कधीही उघडू नये.

२. एकाने इंजिन सुरू करावे व दुसऱ्याने बाजूला उभे राहून निरीक्षण करावे. धूर लगेच आला की काही सेकंदांनी, रंग कोणता, वास कसा, किती वेळ टिकला आणि इंजिन थरथरले काय, या पाच बाबी लिहून ठेवाव्यात. भ्रमणध्वनीवर चित्रीकरण केल्यास गॅरेजमध्ये तोंडी वर्णनाची गरज उरत नाही.

३. धुराड्यापासून थोड्या अंतरावर पांढरा पुठ्ठा काही सेकंद धरावा. पाण्याचे डाग वाळून नाहीसे होतात, तेलाचे डाग चिकट राहतात आणि काजळी काळी उमटते.

४. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून निरीक्षण पुन्हा करावे. केवळ सकाळी येणारा धूर आणि दिवसभर येणारा धूर यांची कारणे भिन्न असतात.

५. हाच क्रम निदान आठवडाभर चालू ठेवून पातळ्यांतील घट मोजावी. अनेक उत्पादक हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर तेलाचा खप ही कमाल मर्यादा मानतात; निरोगी इंजिनाचा खप त्याहून पुष्कळच कमी असतो.

६. त्यानंतर गॅरेजमध्ये स्पार्क प्लग काढून पाहावेत. तेलकट प्लग, काजळीने माखलेला प्लग आणि वाफेने धुतल्यासारखा लख्ख दिसणारा प्लग हे अनुक्रमे तेल, इंधन व कूलंट यांकडे बोट दाखवितात. दोष एकाच सिलिंडरमध्ये आहे की सर्वांत, हेही येथे कळते.

७. कॉम्प्रेशन चाचणी प्रथम कोरडी व नंतर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून करावी. ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह वा गॅस्केट यांत दोष आहे. शेजारच्या दोन सिलिंडरमध्ये सारखाच कमी दाब आढळल्यास त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी असते. दाब सर्वत्र उत्तम असून सकाळी निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह सीलचा दोष जवळजवळ निश्चित होतो.

८. कूलंटचा संशय असल्यास शीतनप्रणालीवर पंपाने दाब देऊन तो टिकतो का, हे पाहावे. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या रसायनाची चाचणीही करता येते. ज्वलनवायूतील कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये शिरत असल्यास ते रसायन पिवळे पडते.

९. इंधनाचा संशय असल्यास इंजिन बंद केल्यावर इंधनवाहिनीतील दाब टिकतो काय, हे मोजावे. दाब वेगाने उतरत असेल, तर गळका इंजेक्टर हे त्याचे एक संभाव्य कारण असते.

निदान आणि आर्थिक निर्णय

वरील चाचण्यांचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. व्हॉल्व्ह सील बदलण्यासाठी अनेक इंजिनांत हेड उतरविण्याचीही गरज नसते. सिलिंडरमध्ये संकुचित हवा भरून व्हॉल्व्ह जागेवर धरून ठेवता येतो व सील बदलता येते. याउलट रिंग-पिस्टन बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन उघडावे लागते, सिलिंडरचे बोअरिंग करावे लागू शकते आणि अनेक दिवस गाडी उभी राहते. दोन्ही दोषांत सकाळी दिसणारा धूर सारखाच निळा असतो. कॉम्प्रेशन चाचणीच्या अर्ध्या तासात ज्या प्रश्नाचे उत्तर मिळते, तो प्रश्न न विचारताच इंजिन उघडण्यास संमती देणे म्हणजे वैद्याने नाडी न पाहता शस्त्रक्रिया सुचविण्यासारखे आहे. एकदा उघडलेले इंजिन मूळच्या काटेकोरपणाने परत बसेलच, याचीही खात्री नसते.

दुर्लक्षाची किंमतही कमी नसते. वंगणतेलातील फॉस्फरस व जस्तयुक्त घटक उत्प्रेरक परिवर्तकावर बसून त्याची क्षमता घटवितात. समृद्ध मिश्रणातील न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकते व झीज वाढविते. गॅस्केटकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, हे वर आलेच आहे. अल्पखर्चाचा दोष हा वेळ गेल्याने बहुखर्चाचा होतो, हे तिन्ही प्रकारांत समान सूत्र आहे.

प्रदूषण तपासणीची मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये पेट्रोल गाडीच्या निष्कासातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांची मर्यादा ठरविलेली आहे. भारत स्टेज ४ व त्यानंतरच्या चारचाकी गाड्यांसाठी संथ गतीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन २०० भाग प्रतिदशलक्ष अशी ही मर्यादा आहे. प्रदूषणविषयक तरतुदींचा भंग झाल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

परंतु ही तपासणी तापलेल्या इंजिनावर केली जाते. धुराची घनता मोजण्याची चाचणी डिझेल गाड्यांपुरती आहे. पेट्रोल गाडीचा निळा धूर धूर म्हणून मोजलाच जात नाही. सकाळी अंगणभर धूर करणारी गाडी दुपारी तपासणी केंद्रावर निर्दोष ठरते, यात केंद्रचालकाची चूक असेलच असे नाही. ती चाचणीची मर्यादा आहे. नव्या नमुन्याच्या गाडीला मान्यता देताना प्रयोगशाळेत होणारी चाचणी मात्र थंड इंजिनापासूनच सुरू होते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्या करते. म्हणजे गाडी जन्मताना जी परीक्षा देते, ती तिच्या उरलेल्या आयुष्यात पुन्हा कधी घेतली जात नाही. प्रमाणपत्र असणे आणि इंजिन निरोगी असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे वाहनधारकाने ओळखले पाहिजे.

अदृश्य धोका

दिसणाऱ्या धुराची चर्चा करताना न दिसणाऱ्या वायूचा विसर पडता कामा नये. थंड इंजिन समृद्ध मिश्रण जाळीत असताना आणि परिवर्तक अद्याप तापलेला नसताना कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सर्वाधिक असते. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी दृढ संयोग पावतो. हिवाळ्यात शटर अर्धे खाली ओढून गॅरेजमध्येच गाडी 'गरम' करीत ठेवण्याची सवय म्हणूनच जिवावर बेतू शकते. धुराचे निरीक्षण असो वा दुरुस्ती, ती मोकळ्या हवेतच व्हावी. आधुनिक इंजिनाला उभ्याने दीर्घकाळ तापविण्याची गरजही नसते. अर्ध्या-एक मिनिटानंतर संथ गतीने गाडी चालविणे हेच ते लवकर तापविण्याचे उत्तम साधन होय.

निष्कर्ष

१. सुरू करतेवेळी दिसणारा प्रत्येक धूर बिघाड दर्शवीत नाही. हिवाळ्यातील लवकर विरणारी, गंधहीन पांढरी वाफ स्वाभाविक असते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात मात्र पांढरा धूर दिसल्यास त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे.

२. रेंगाळणारा पांढरा धूर, सुरुवातीची थरथर व घटणारे कूलंट यांचा त्रिवेणी संगम हा तातडीचा इशारा होय. अशी गाडी तपासणीपूर्वी वारंवार सुरू करू नये.

३. मिनिटभरात थांबणारा निळा धूर बहुधा व्हॉल्व्ह सीलचा, तर भाराखाली सतत येणारा रिंगांचा दोष दर्शवितो. कॉम्प्रेशन चाचणीशिवाय इंजिन उघडण्यास संमती देऊ नये.

४. काळ्या धुरात प्रथम तापमान संवेदक, इंजेक्टर व हवेचा मार्ग तपासावा.

५. योग्य कूलंट, सुस्थितीतील रेडिएटर झाकण व स्वच्छ एअर फिल्टर या तीन साध्या गोष्टी या जिल्ह्याच्या हवामानात इंजिनाचे आयुष्य वाढवितात. कठीण पाण्याचा वापर शीतनप्रणालीत टाळावा.

६. अभियांत्रिकी व तंत्रशिक्षण संस्थांनी थंड इंजिनाच्या निरीक्षणाची नोंदपद्धती विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात समाविष्ट केल्यास स्थानिक गॅरेज व्यवसायाला चाचणीवर आधारित निदानाची सवय लागू शकेल. धुराचा रंग हा प्रश्न आहे, उत्तर नव्हे. उत्तर चाचणीतूनच मिळते, ही दृष्टी रुजविणे हे या विषयाचे खरे शैक्षणिक मूल्य होय.